भान आहे तोवरच सही: पैशाचे आणि दवाखान्याचे निर्णय घ्यायला माणूस कसा नेमावा

मुख्त्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायला दुसऱ्याला, म्हणजे मुख्त्याराला, अधिकार देणारा कागद. त्याबद्दल सर्वांत आधी कळायला हवी ती गोष्ट बहुतेक घरांत सर्वांत शेवटी कळते. वडिलांना झटका येतो, ओळख पटेनाशी होते, आणि मुलगा तीन वर्षांपूर्वी केलेलं मुख्त्यारपत्र घेऊन बँकेत जातो. साहेब विचारतात, वडील भानावर आहेत का? नाहीत, असं उत्तर आलं की त्या कागदाची किंमत तिथेच संपते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुख्त्यारी देणारा माणूस वारला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुख्त्यारी आपोआप संपते. इंग्लंडसारख्या देशात भान गेल्यावरही चालणारं मुख्त्यारपत्र करता येतं. आपल्या कायद्यात ती सोय नाही.

यातला फरक नीट ध्यानात घ्या. हातपाय लुळे पडले, ऐकू येत नाही, दिसत नाही, अंथरुणाला खिळले, पण कळतंय, हो-नाही सांगता येतंय, तर मुख्त्यारपत्र पूर्ण चालतं. खरं तर ते अशाच माणसासाठी आहे. स्मृतिभ्रंश, कोमा, मेंदूला मार, इथे ते थांबतं. म्हणून एकाच कागदावर सगळा भार टाकू नका. बँकेची सोय वेगळी करा, जमिनीचं मुख्त्यारपत्र वेगळं करा आणि दवाखान्याचे कागद वेगळे करा. तिन्ही कामं डोकं शाबूत असतानाच करायची आहेत. साठी ओलांडली की लगेच करावीत, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर साठीचीही वाट पाहू नये.

बोलणी कधी करायची, हाही प्रश्न असतो. खान्देशात त्याचं उत्तर सोपं आहे: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-पुण्याची मुलं घरी असतात. नाहीतर श्रावणात कानबाईच्या सणाला. सगळ्यांच्या देखत ठरलेल्या गोष्टीवर पुढे भाऊबहिणींत भांडण कमी होतं. एका मुलाला गुपचूप बोलावून केलेल्या कागदावर ते हमखास होतं.

आधी बँक

घरखर्च आणि औषधपाणी अडू नये, एवढं काम मुख्त्यारपत्राशिवायही साधतं. नवरा-बायकोचं बचत खातं संयुक्त करून घ्या आणि व्यवहाराची पद्धत "दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा" अशी लिहून द्या. बँकेच्या भाषेत हेच आयदर ऑर सर्वायव्हर. एक जण आजारी पडला तरी दुसऱ्याच्या सहीने पैसे निघतात.

मुलाचं किंवा मुलीचं नाव संयुक्त खात्यात घालताना मात्र हात आखडता ठेवा. दोघांपैकी कोणीही, याचा अर्थ तो एकटाही सगळी रक्कम काढू शकतो, आणि ते पैसे कोणाचे होते याचा वाद नंतर बहीण-भावांत पेटतो. उत्तम पद्धत अशी: सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम असलेलं एक खातं मुलासोबत किंवा मुलीसोबत ठेवायचं आणि त्यातूनच किराणा, वीजबिल, औषधं चालवायची. मोठी रक्कम स्वतःच्या किंवा पती-पत्नीच्या नावावरच राहू द्यायची.

मुदत ठेवीत एक बारीक खाच आहे आणि ती ऐन वेळी अंगाशी येते. ठेव "दोघांपैकी कोणीही" अशी असली तरी ती सूट फक्त मुदत संपल्यावर पैसे घेण्यापुरती आहे. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. एक जण अतिदक्षता विभागात असेल तर दुसरी सही आणायची कुठून? म्हणून ठेव करतानाच, किंवा आज शाखेत जाऊन, मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकारही दोघांपैकी कोणालाही राहील, असं दोघांच्या सहीने लिहून द्या. सगळी रक्कम एका पावतीत गुंतवू नका. दहा लाखांची एक पावती करण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या पाच करा, म्हणजे गरजेपुरती एकच मोडावी लागेल.

नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, प्रत्येक खात्याला झालं आहे का ते तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला आणि ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. लॉकरला मात्र एकामागून एक अशाच क्रमाने नावं चालतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक नव्हे. आणि नॉमिनीला तुमच्या हयातीत त्या खात्याला हातही लावता येत नाही. "नॉमिनी आहे ना, मग काढेल पैसे" असं म्हणणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात.

सही थरथरते किंवा जुळत नाही म्हणून बँक परत पाठवते, ही तक्रार नेहमीची. रिझर्व्ह बँकेचे नियम इथे ग्राहकाच्या बाजूने आहेत, ते माहीत असू द्या. आजारी, वृद्ध माणसाचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. त्याची ओळख दोन साक्षीदारांनी पटवायची, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर पैसे काढण्याच्या स्लिपवर नुसती खूण चालते, तीही अशाच दोन साक्षीदारांसमोर. पैसे घ्यायला कोण येणार हे खातेदाराने सांगायचं आणि त्या माणसाचीही ओळख पटवायची. सत्तरीपुढच्या ग्राहकाला घरपोच सेवा देण्याची सूचनाही बँकांना आहे. शाखेत तोंडी वाद घालू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की काम हलतं.

एटीएम कार्ड आणि पिन मुलाकडे दिला की झालं, असं बरेच जण मानतात. आहिराणीत अगदी विश्वासाने म्हणतात, "मना पोऱ्या समदं देखस", म्हणजे माझा मुलगा सगळं पाहतो. देखू दे, पण पिन दिल्याने त्याला कायद्याचा अधिकार मिळत नाही आणि फसवणूक झाली तर बँक हात वर करते. त्यापेक्षा शाखेत अधिकारपत्र, म्हणजे मँडेट, भरून द्या. त्या खात्यापुरता दुसऱ्याला व्यवहाराचा अधिकार मिळतो आणि बँकेकडे त्याच्या सहीचा नमुना राहतो. मुख्त्यारपत्राप्रमाणेच हेही तुमचं भान असेपर्यंतच चालतं.

मुख्त्यार कोण असावा

प्रेम कोणावर जास्त आहे, यावरून मुख्त्यार ठरवू नका. हिशेब कोण ठेवतो, बोलावल्यावर कोण पोहोचतो, आणि स्वतः कर्जात कोण नाही, हे पाहा. तिसरी गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतःच्या डोक्यावर सावकारी असलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं खातं दिलं, तर तो वाईट नसला तरी अडचणीत वाकतो. मुलगा सुरतेत आणि लेक जळगावात दिली असेल, तर रोजच्या कामाला लेक बरी. खान्देशात लेकीचं नाव अशा कागदावर घालायला अजूनही कचरतात. कचरण्याचं काही कारण नाही.

दोघांना नेमायचं असेल तर "दोघांनी मिळून" की "दोघांपैकी कोणीही एकट्याने" हे स्पष्ट लिहा. हे लिहायचं राहिलं तर बँक प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या मागते. आमचा सल्ला असा: रोजच्या खर्चाला कोणीही एक, आणि जमीन, सोनं, मोठी ठेव यांना दोघांनी मिळून.

काय लिहायचं

टपरीवर मिळणारा छापील मसुदा "माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीबाबत सर्व अधिकार" असा असतो. तो दोन्हीकडून वाईट. मुख्त्याराच्या मनात आलं तर तो काहीही करू शकेल असं घरच्यांना वाटतं, आणि बँकेत किंवा कोर्टात मात्र त्यावर काहीच होत नाही, कारण न्यायालयं मुख्त्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात. विकण्याचा, गहाण टाकण्याचा, कर्ज काढण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला नसेल तर तो दिलेला नाही, असंच धरलं जातं. उपयोगी मजकूर कसा दिसतो ते पाहा:

"मी लिहून देणार, वय ७१, धंदा शेती, राहणार तालुका रावेर, जिल्हा जळगाव, माझी मुलगी हिला खालील कामांपुरतीच मुख्त्यार नेमतो. १) अमुक बँक, अमुक शाखा, बचत खाते क्रमांक अमुक, यातून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत रक्कम काढणे, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी बिल दाखवून त्याहून जास्त रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरणे. २) गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, यातील केळी व कापूस विकणे, रक्कम फक्त माझ्या वरील खात्यावर घेणे. ३) विविध कार्यकारी सोसायटीचे चालू पीककर्ज भरणे व त्याच मर्यादेत नवे करणे, मर्यादा वाढवण्याचा अधिकार नाही. ४) तलाठी, तहसील, भूमी अभिलेख, वीज कंपनी व विमा कंपनी यांच्याकडे अर्ज करणे, नकला घेणे, हरकत नोंदवणे. ५) जमीन विकणे, बक्षीस देणे, हक्क सोडणे, गहाण टाकणे, जामीन राहणे यांचा अधिकार मी देत नाही. ६) मुख्त्याराने दर तीन महिन्यांनी माझ्या दुसऱ्या मुलाला हिशेब दाखवावा."

दुसरं आणि पाचवं कलम पुन्हा वाचा. केळीचा पैसा व्यापाऱ्याकडून मुख्त्याराच्या नव्हे, तुमच्याच खात्यावर आला पाहिजे. एवढी एक ओळ निम्मे वाद टाळते. आणि काय देत नाही, हे लिहिणं काय देतो इतकंच गरजेचं आहे. खाते क्रमांक, शाखा, गट नंबर, क्षेत्र हे सगळं पासबुक आणि ताज्या सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. नावात काना-मात्रेचा फरक असला तरी काम अडतं. आधार, पासबुक आणि सातबारा यांवर तीन वेगळी नावं असतील तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

लेकींनी एक सावधगिरी बाळगावी. वडिलांमागे "तलाठ्याच्या कामासाठी" म्हणून भावाला मुख्त्यारपत्र देताना त्यात हक्कसोड, म्हणजे लेकीचा वाटा सोडून देण्याचा अधिकार घुसडलेला असतो. कागद पूर्ण वाचल्याशिवाय, आणि वाचता येत नसेल तर आपल्या बाजूच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय, अंगठा देऊ नये. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत हिंदू घरातल्या लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे.

मुद्रांक, नोटरी, नोंदणी

विक्रीचा अधिकार नसलेल्या साध्या मुख्त्यारपत्राला महाराष्ट्रात ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचे मुद्रांक या कामाला चालत नाहीत. स्थावर विकण्याचा अधिकार आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, नातवंडं अशा जवळच्या नात्यात बिनमोबदला दिला तरी सवलतीचा मुद्रांक पुरतो. परक्याला दिला, की खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क पडतं. मुद्रांक विकत घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायचा असतो. कपाटात पडलेला दोन वर्षांपूर्वीचा मुद्रांक काढून त्यावर मजकूर टाइप करू नका.

बँक, विमा, वीज, सरकारी अर्ज यांसाठी नोटरीसमोर केलेलं मुख्त्यारपत्र बहुधा चालतं. नोटरीसमोर लिहून देणाऱ्याने स्वतः हजर राहून सही करायची आणि नोटरीच्या रजिस्टरमध्येही सही करायची. "तुम्ही सही करून पाठवा, आम्ही शिक्का मारतो" असं कोणी म्हणालं तर उठून या. शाखेचा स्वतःचा नमुना असेल तर तो आधी मागून घ्या, नाहीतर दोनदा खर्च होतो.

मुख्त्याराला तुमच्या वतीने दस्त नोंदवायचा असेल, म्हणजे खरेदीखत, भाडेपट्टा, गहाणखत, तर नोटरी पुरत नाही. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे ते दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्यासमोर, करून साक्षांकित व्हायला हवं, आणि तेही लिहून देणारा जिथे राहतो त्या हद्दीतल्या दुय्यम निबंधकासमोर. जमीन पारोळ्यात आणि तुम्ही राहता सुरतेत, तर कागद सुरतेत होतो. तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. परदेशातल्या मुलाने पाठवलेलं मुख्त्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं असावं, आणि त्यालाही हीच तीन महिन्यांची मुदत. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा, कागद कधी आला याचा तोच पुरावा.

कार्यालयात जाताना दोघांचं आधार आणि पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, ताजा सातबारा आणि आठ-अ, आणि ओळखपत्रासह दोन साक्षीदार न्या. साक्षीदार मुख्त्याराची बायको किंवा मेहुणा नको. गावातले शिक्षक, डॉक्टर, पोस्टमास्तर असे बाहेरचे लोक बरे, आणि वयाने लिहून देणाऱ्यापेक्षा लहान असावेत, म्हणजे पुढे साक्ष द्यायला ते असतील. माणूस अंथरुणावर असेल तर दुय्यम निबंधक घरी किंवा दवाखान्यात येऊन सही घेऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज आणि वेगळी फी लागते.

वय पंचाहत्तरच्या पुढे असेल, विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर आणखी एक कागद जोडा: त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला. "आज तपासले असता रुग्णास दिवस, स्थळ, नातेवाईक यांचे भान आहे, समोरील कागदाचा अर्थ त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितला", असा. कधी भान असतं, कधी नसतं, अशा माणसाने भानावर असताना केलेला कागद कायद्याने चालतो. पण तो क्षण भानाचा होता हे पुढे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. शंका असेल तर दाखला मनोविकारतज्ज्ञाचा घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

जमिनीबाबत तीन इशारे

मुख्त्यारपत्राने मालकी जात नाही. "खरेदीखताचा खर्च वाचवू, नुसतं कुलमुख्त्यारपत्र (सर्व कामांचं मुख्त्यारपत्र) आणि साठेखत (पुढे विकण्याचा करार) करू" हा सल्ला धोक्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितलं आहे की अशा कागदांनी जमीन विकली जात नाही.

नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्यालगतच्या गावांत आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तेच सांगतं. त्यामुळे कोणी बिगर-आदिवासी माणूस पावरा किंवा भिल्ल शेतकऱ्याकडून "फक्त देखभालीसाठी" कुलमुख्त्यारपत्र मागत असेल, तर ते देऊ नका.

तिसरा इशारा "रद्द न होणारे" या शब्दांचा. मोबदला घेऊन दिलेलं आणि मुख्त्याराचा स्वतःचा हितसंबंध असलेलं मुख्त्यारपत्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. सांभाळासाठी करायच्या कागदात "अटळ", "अपरिवर्तनीय", "मोबदला मिळाला" असे शब्द आले तर ते खोडायला लावा. सांभाळ करील या आशेवर जमीन बक्षीसपत्राने देऊन टाकणं तर त्याहून घातक. द्यायचीच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द बक्षीसपत्रातच लिहा. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली, अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ आहे, तिथे विचारपूस करता येते.

आणि मुख्त्याराला काही कामं कधीच करता येत नाहीत: तुमचं मृत्युपत्र करणं, तुमच्या बदल्यात मत देणं, तुम्हालाच माहीत असलेल्या गोष्टीची कोर्टात साक्ष देणं, आधारसाठी बोटाचा ठसा देणं. पीएम-किसानच्या ई-केवायसीला तुमचाच चेहरा, बोट किंवा ओटीपी लागतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का आणि ते सिमकार्ड घरातच आहे ना, हे पाहून ठेवा. माय रावेरला, तिचं सिम मुलाच्या फोनमध्ये पुण्याला, अशी घरं पुष्कळ आहेत. हप्ता अडकला की मग कारण सापडतं.

दवाखान्याचे निर्णय

पैशाच्या मुख्त्यारपत्राने उपचाराचे निर्णय घेता येत नाहीत. त्यासाठी दोन वेगळे कागद आहेत.

पहिलं वैद्यकीय इच्छापत्र. बरं होण्याची आशा उरली नसताना व्हेंटिलेटरसारखी साधनं लावून आयुष्य लांबवावं की नाही, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती, म्हणून फारसं कोणी केलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट गेली. आता अठरा वर्षांपुढच्या, शुद्धीतल्या कोणीही दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा डॉक्टरांशी कोण बोलेल, त्या एका किंवा अधिक नातेवाइकांची नावं त्यात असलीच पाहिजेत. "जास्त त्रास देऊ नका" असं मोघम लिहू नका. कोणत्या अवस्थेत, कोणता उपचार नको आणि कोणता हवा, ते लिहा: हृदय थांबल्यास छाती दाबून पुन्हा चालू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न. वेदना कमी करणारी औषधं मात्र द्यावीत, हेही लिहा. एक प्रत नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे, एक नाव दिलेल्या माणसाकडे.

यावर अंमल करताना डॉक्टर एकट्याने निर्णय घेत नाहीत. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. म्हणजे "मुलांनी कागद दाखवला आणि मशीन काढलं" असं होत नाही, ही भीती मनातून काढा.

दुसरा कागद मानसिक आजारासाठी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्या प्रतिनिधीने आपली संमती लेखी द्यायची. मुद्रांक लागत नाही. दाखल करणं, उपचार, सुट्टी या बाबतीत तो तुमच्या वतीने बोलतो. पैशाचा अधिकार त्याला यातून मिळत नाही.

यासोबत घरात एक साधी चिठ्ठी ठेवा: रक्तगट, चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधी झालेल्या शस्त्रक्रिया, विम्याचं किंवा आयुष्मान कार्ड कुठे आहे, आधी कोणाला फोन करायचा. लोखंडी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका दारात उभी असताना फायलीपेक्षा ती चिठ्ठी कामाला येते.

भान गेल्यावर काय

वेळ निघून गेली असेल, तर मागच्या तारखेचं मुख्त्यारपत्र करू नका. बेशुद्ध माणसाचा अंगठा उमटवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात साक्षीदारही अडकतो.

कोमातल्या किंवा तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा पालक नेमायला आज मार्ग आहे तो उच्च न्यायालयाचा, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी तो अर्ज छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात होतो. वकिलाकडे जाताना कागद पुरे न्या: तपासणीचे अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सविस्तर प्रमाणपत्र, सगळ्या वारसांची यादी आणि त्यांची ना-हरकत शपथपत्रं, खाती, ठेवी, जमिनी, कर्जं यांची यादी, आणि दरमहा उपचाराला किती खर्च येतो त्याची बिलं. न्यायालय रुग्णाची वैद्यकीय तपासणी करायला सांगू शकतं आणि पालकावर हिशेब देण्याची अट घालतं. एका भावाची ना-हरकत नसली तर प्रकरण लांबतं. म्हणूनच आखाजीची बैठक.

मूल जन्मापासून बौद्धिक अक्षम, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेलं असेल, तर ते अठरा वर्षांचं झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयात जावं लागत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा.

कागद झाल्यानंतर

मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, मुख्त्याराला साक्षांकित नक्कल द्या. मुख्त्याराने सही करताना तुमच्या सहीची नक्कल करायची नसते. स्वतःची सही करून खाली "अमुक यांचे मुख्त्यार म्हणून" असं लिहायचं. वडिलांसारखी सही जमते म्हणून ती करणं म्हणजे बनावट सही, मग हेतू कितीही चांगला असो.

हिशेबाला शंभर पानी वही पुरते. तारीख, रक्कम, कशासाठी, पावती क्रमांक. तुमचे आणि मुख्त्याराचे पैसे एका खात्यात मिसळू देऊ नका. हिशेब देणं हे कायद्यानेच मुख्त्याराचं कर्तव्य आहे, त्यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

मधेच भान गेलं आणि मळ्यात केळीची कटाई अर्धी झालेली असली, तर मुख्त्याराने माल नासू द्यावा असं कायदा म्हणत नाही. हाती असलेलं राखण्यापुरती पावलं त्याने उचलायची, पैसा मालकाच्या खात्यावर घ्यायचा आणि नवा व्यवहार करायचा नाही. मृत्यूनंतर मात्र एटीएममधूनही रुपया काढायचा नाही. मृत्यूचा दाखला घेऊन नॉमिनीने बँकेत जायचं.

रद्द करायचं असेल तर नुसतं तोंडी सांगून भागत नाही. मुख्त्याराला कळेपर्यंत त्याच्याविरुद्ध आणि बँकेला किंवा व्यापाऱ्याला कळेपर्यंत त्यांच्याविरुद्ध ते रद्द झालेलं नसतं. म्हणून रद्दपत्र मुद्रांकावर करा, मूळ जिथे नोंदवलं त्याच कार्यालयात नोंदवा, मुख्त्याराला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवा. बँक, सोसायटी, तलाठी, बाजार समिती यांना प्रत्येकी एक पत्र देऊन शिक्क्यासह पोच घ्या, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस द्या. मुख्त्याराकडच्या नकला परत मागा. तो देत नसेल तर तसं नोटिशीतच छापा, नक्कल कोणत्या तारखेची आणि किती पानांची आहे यासह.